तू उठलीच आहेस तर...

रविवारी सकाळी साडेनऊपर्यंत झोपणारी आई ही आपल्याकडे अजूनही बातमी आहे. साडेनऊपर्यंत झोपणारा बाप ही बातमी नाही, त्याला रविवार म्हणतात.

आमच्या घरातली ही बातमी गेल्या दोनेक महिन्यांत आत्या, मावश्या, चुलत सासूबाई असा बराच प्रवास करून माझ्याकडे परत आली. मूळ बातमी "ती रविवारी उशिरा उठते" एवढीच होती. माझ्यापर्यंत पोचली तेव्हा "तिची तब्येत बरी नाही का?" अशी झाली होती, आणि एका शाखेत तर "दोघांचं ठीक चाललंय ना?" अशीही. तेव्हा म्हटलं, जाहीर खुलासाच करून टाकावा. तब्येत उत्तम आहे. दोघांचं ठीक चाललंय. मी झोपलेली असते.

थोडी पार्श्वभूमी सांगते. घरात दोन पोरं. थोरला सहा वर्षांचा, धाकटी साडेतीन. सोमवार ते शुक्रवार थोरल्याला स्कूलबससाठी उठवायचं म्हणजे पांघरूण ओढणं, पाय ओढणं, गालाला ओला हात लावणं आणि शेवटी "मग बस गेली बरं का" ही धमकी. शनिवार-रविवारी मात्र हाच प्राणी सहा वाजून पाच मिनिटांनी टक्क जागा! आणि त्याला एकट्याने जागं राहणं मंजूर नसतं, त्यामुळे तो आधी धाकटीला उठवतो. धाकटी बोलत नाही, ती घोषणा करते. "मला शू झालीये!" हे आमच्या मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांना दर सुट्टीच्या दिवशी कळतं. मग निघतात स्टीलचे डबे. लाडवाच्या डब्याचं झाकण फरशीवर उभं गरगर फिरवून सोडलं की पडताना ते जो आवाज करतं, तो साखरझोपेत ज्यांनी ऐकलाय त्यांनाच मी काय म्हणतेय ते कळेल. एवढं करूनही कोणी उठलं नाही तर धाकटी उशाशी येते आणि बोटाने माझी पापणी वर करून आत बघते. आई आत आहे का, म्हणून.

तर अशा घरात दोन मोठ्या माणसांनी झोपायचं कसं? उत्तर सरळ आहे. आळीपाळीने. एकाने उठायचं, एकाने झोपायचं. ('पाळी' म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोक्यात एकच अर्थ येतो आणि तोही बायकांच्याच वाट्याला, म्हणून आमच्या घरात आम्ही याला 'वार' म्हणतो.) नवऱ्याला पाच दिवसांचा आठवडा आहे. मी बँकेत, कॅश काउंटरवर, म्हणजे मला फक्त दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी. तीही 2015 च्या सप्टेंबरपासून. सुरुवातीला नवऱ्याने कालनिर्णय समोर ठेवून पेन्सिलीने हिशेब मांडला. ज्या आठवड्यात दोघांनाही दोन्ही दिवस सुट्टी, त्यात एकेक दिवस वाटून घ्यायचा. ज्या आठवड्यात मला फक्त रविवार, तो रविवार एकदा त्याला, एकदा मला. महिन्याला तीन झोपा त्याच्या, तीन माझ्या. अगदी न्याय्य.

पण मला टॅली झालेला हिशेबही पुन्हा एकदा बघायची सवय आहे. पहिला आणि तिसरा शनिवार कुठे गेला? त्या दिवशी मी कामाला जाणार, म्हणजे मी उठलेलीच असणार, म्हणजे पोरांचं दूध, शू, भांडण, डबे सगळं माझ्याकडेच, आणि हा नऊपर्यंत झोपणार. ही झोप कोणत्याच खात्यात दिसत नव्हती. म्हणजे पाच आणि तीन! मग सुटसुटीत व्यवस्था ठरली: सगळे शनिवार त्याचे, सगळे रविवार माझे. चार-चार. त्याने आकडे तपासले, "कॅशियरशी लग्न केलं की असं होतं" म्हणाला आणि कबूल झाला. त्यालाही शनिवारच जास्त आवडतो.

या लेखाचा खरा मुद्दा त्या दोन न दिसणाऱ्या शनिवारांत आहे. बाईचं उठणं हे आपल्याकडे काम म्हणून धरलंच जात नाही. ती उठलेलीच असते, सूर्यासारखी. आणि त्यावर एक वाक्य बेतलेलं आहे जे मला मराठीतलं सगळ्यात महागडं वाक्य वाटतं: "तू उठलीच आहेस तर..." तू उठलीच आहेस तर जरा चहा टाक. उठलीच आहेस तर हिला शू करवून आण. तू उठलीच आहेस तर मी पडतो अजून पाच मिनिटं. हे वाक्य म्हणणारा माणूस वाईट नसतो, अगदी प्रेमळही असतो. त्याला खरंच वाटत असतं की फुकट पडलेली वस्तू तो फक्त वापरतोय. "तो उठलाच आहे तर" हे वाक्य मात्र मी माहेरी ऐकलेलं नाही, सासरीही नाही.

आता कौतुकाचं बघा. रविवारी नवरा दोघांना घेऊन सातला तळजाईच्या टेकडीवर जातो. कारण पोरांना गप्प करणं हा उपाय नाहीच, त्यांना घराबाहेर काढणं हा एकच उपाय आहे. (बंद दाराबाहेर "शूऽऽ, आई झोपलीये" असं कुजबुजणारा बाप पोरांपेक्षा जास्त आवाज करतो, हे अनुभवाने सांगते.) जाताना जिन्यात, गेटवर, टेकडीवर त्याला माणसं भेटतात आणि थांबून म्हणतात, "अरे वा! आज आईला आराम वाटतं?" एक आजोबा तर दर रविवारी त्याची पाठ थोपटतात. शनिवारी तीच दोन पोरं, तोच साडेसहा-सातचा सुमार, सोसायटीच्या झोपाळ्यापाशी मी उभी असते. आजवर एकाही माणसाने मला "अरे वा, आज बाबांना आराम?" असं विचारलेलं नाही. काम तेच, पोरं तीच, त्यांच्या नाकातला शेंबूडसुद्धा तोच. त्याने केलं की मदत. मी केलं की शनिवार.

'मदत' या शब्दावर माझा राग आहे तो यासाठी. मदत दुसऱ्याच्या कामात करतात. मदत करणारा केव्हाही थांबू शकतो, आणि त्याचे आभार मानावे लागतात. वाराचं तसं नाही. पूर्वी शिकणारी गरीब मुलं गावात वार लावून जेवायची ना, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, ज्या घरचा वार ठरला त्या घरी त्या दिवशी जेवायचं हे ठरलेलं, दर वेळी दारात उभं राहून "आज जमेल का हो?" असं नव्याने विचारायचं नाही. मला झोपेचा असा वार हवा होता. "उद्या मी जरा झोपू का?" असं शनिवारी रात्री विचारून मिळालेली झोप ही परवानगी झाली. आणि परवानगीची झोप लागत नाही, माणूस कान टवकारून पडून राहतो.

वार नीट पाळायचा तर झोपणारा माणूस गावाला गेलाय असं धरायचं. आमच्याकडे पोरांना तसंच सांगितलंय: "आई गावाला गेलीये, आतल्या खोलीत." धाकटीला यात काहीच विसंगत वाटत नाही. गावाला गेलेल्या माणसाला "हिचा निळा फ्रॉक कुठेय?" असं दार किलकिलं करून विचारता येत नाही. ज्याचा वार त्याने फ्रॉक शोधायचा, नाही सापडला तर दुसरा घालायचा, तो उलटा घातला गेला तर उलटा. टीव्ही लावून देऊन सोफ्यावर पेंगणं हाही वार नव्हे. (अर्धा तास कार्टून लावायला माझी ना नाही. पण डोळे उघडे ठेवून.) आणि दुसरी बाजूही आहेच. आतून "अरे, दूध उतू जाईल!" असं ओरडायचं नाही. उतू जाऊ दे. माझ्या ओळखीच्या निम्म्या बायकांची रविवारची झोप नवऱ्यामुळे नाही, या ओरडण्यामुळे जाते. "त्याला जमत नाही गं" म्हणत त्या उठतात, आणि मग त्याला कधीच जमत नाही, कारण जमेपर्यंत कोणी थांबतच नाही.

नातेवाइकांचे आक्षेप आता एकेक करून घेते.

"सवय होते गं, आम्ही नाही का वाढवली पोरं?" हे सगळ्यात जास्त वेळा ऐकलं. सवय होत नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हानिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2003 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी तरुण माणसांना 14 दिवस रोज फक्त 6 तास किंवा त्याहून कमी झोपू दिलं आणि दिवसा त्यांच्या लक्षाच्या, स्मरणाच्या चाचण्या घेतल्या. शेवटी त्यांची कामगिरी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी घसरली होती. आणि गंमत पुढेच आहे: त्यांचं त्यांना ते फारसं जाणवतच नव्हतं. थोडी झोप येतेय, एवढंच ते सांगत होते. म्हणजे ज्याला आपण 'सवय झाली' म्हणतो, त्यात आपली घसरण आपल्याला दिसेनाशी झालेली असते. मी दिवसभर नोटा मोजते. यंत्र असलं तरी देणं-घेणं माझ्याच हाताने होतं, आणि संध्याकाळी कॅश कमी भरली तर ती कॅशियरने खिशातून भरायची असते. तिथे "मी आई आहे हो, रात्री तीनदा उठले होते" हे कारण चालत नाही. स्कूटरवर पोराला पुढे उभं करून चौकातून वळतानाही चालत नाही.

"बायकांची झोप सावधच असते, निसर्गच आहे तो." असेलही. पण ज्याला पक्कं माहीत असतं की दुसरं कोणीतरी उठणार आहे, त्याला गाढ झोपणं परवडतं, हाही निसर्गच. शनिवारी मी उठणार हे ठरल्यावर नवरा झाकणाच्या आवाजातही घोरतो, आणि रविवारी तोच 'सहा पाच'ला डोळे उघडतो. एका आठवड्यात निसर्ग दोनदा बदलतो म्हणायचा.

"दुपारी झोपायचं." कोणी? पुण्यात दुपारी झोपायचा मान दुकानदारांचा आहे, आयांचा नाही. धाकटीने तिसऱ्या वाढदिवसानंतर दुपारची झोप सोडली आहे, कायमची.

"आजीकडे ठेवायची एखाद्या शनिवारी." ठेवतो की. पण आजी कोण? माझी आई. तिचे गुडघे दुखतात, आणि नळाला पहाटे पाणी यायचं म्हणून तिने आयुष्यातली कित्येक वर्षं पहाटे पाचला उठून बादल्या भरल्या आहेत. माझी झोप तिच्या झोपेतून कापून घ्यायची असेल तर यात सुटलं काय? एका बाईचं कर्ज दुसऱ्या बाईच्या नावावर वळतं केलं. एकत्र कुटुंबात पोरं कशी आपोआप वाढायची, असं जे मोठ्या हौसेने सांगितलं जातं, त्यातलं 'आपोआप' म्हणजे बहुतेक वेळा कोणी काकू, कोणी आत्या, कोणी विधवा मावशी असायची. तिला कोणी विचारलं नव्हतं.

"तुझ्या आईने कधी काढल्या अशा झोपा?" हा शेवटचा आणि जिव्हारी लागावा म्हणून टाकलेला. मी अगदी लहान होते तेव्हा रविवारी सकाळी दूरदर्शनवर महाभारत लागायचं. 1988 ते 1990 ची गोष्ट. आख्खी आळी टीव्हीसमोर, आणि आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, हातात लाटणं, अर्धं महाभारत नुसतं ऐकून पाहिलेलं. त्या आधी तिने आम्हा भावंडांना न्हाऊ घातलेलं असायचं. परवा मी तिला विचारलं, तेव्हा बाबा उठले असते रविवारी, तर तू काय केलं असतंस? मला वाटलं आता काहीतरी त्यागाचं वगैरे बोलेल. ती म्हणाली, "झोपले असते. दुसरं काय?"

तर मावशी, आईच्या नावाने मला बोल लावताना आईलाही एकदा विचारत जा.

आपल्याला रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंड्यांमुळे, हे शाळेत कधीतरी कानावरून गेलेलं असतं. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. लोखंड्यांनी काही वर्षं लावून धरलं आणि 10 जून 1890 ला गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. त्याच वर्षीच्या एप्रिलमधल्या कामगारांच्या मोठ्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या होत्या. मला त्या दोघींबद्दल फार उत्सुकता आहे. सुट्टी मिळाल्यावर पहिल्या रविवारी त्यांनी काय केलं असेल? गिरणीचा भोंगा त्यांच्यासाठी वाजला नाही हे नक्की. चूल मात्र पेटवावी लागली असणार. 135 वर्षं होऊन गेली, घरातल्या रविवाराचा ठराव अजून कोणी मांडलेला नाही. आणि हे माझं एकटीचं रडगाणं नाही. सरकारने 2024 साली देशभर माणसांच्या वेळेची पाहणी केली, त्यात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा दिवसातला वेळ सरासरी 289 मिनिटं निघाला, आणि असं काम करणाऱ्या पुरुषांचा 88. हे आकडे पोरांचं-आजारी माणसांचं बघणं वगळून आहेत, तो रकाना वेगळा. त्यातही 15 ते 59 वयाच्या बायकांचे 140 आणि पुरुषांचे 74.

जर्मनीतली एक पाहणी 2019 मध्ये आली होती. बाळ झाल्यावर पहिल्या तीन महिन्यांत आयांची झोप सरासरी तासाभराने घटते, बापांची साधारण पाव तासाने, आणि सहा वर्षं झाली तरी दोघांचीही झोप पूर्वीसारखी होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. थोरल्याची सहा वर्षं झाली, धाकटीची अडीच शिल्लक आहेत. मी कॅलेंडर लावून बसले आहे.

ज्या घरात मोठं माणूस एकच आहे, किंवा दोघांतला एक रात्रपाळीला किंवा परगावी आहे, तिथे माझं हे वारांचं गणित बसत नाही, मला ठाऊक आहे. त्यांच्या शेजारी राहणाऱ्यांनी एखाद्या रविवारी दोन तास पोरं आपल्याकडे बोलवावीत, एवढंच म्हणेन. आम्ही आमच्या मजल्यावर तसं करतो अधूनमधून. चार पोरं काय नि दोन काय, आवाज तेवढाच.

राहता राहिला मातृदिन. मे महिन्याचा दुसरा रविवार, म्हणजे नेमका माझा वार! त्या दिवशी सगळीकडे फिरणारे ते मेसेज आठवा, "जी स्वतः जागून बाळाला झोपवते ती आई" छापाचे, दिव्याची ज्योत, गुलाबाचं फूल. मला हे मेसेज मुळीच गोड वाटत नाहीत. न झोपण्याचं कौतुक केलं की झोपणाऱ्या आईला आपोआप कमीपणा येतो, आणि कौतुक करणाऱ्याला उठावं लागत नाही. यंदा त्या दिवशी थोरल्याने शाळेत केलेलं कार्ड मला द्यायला सव्वासहाला आतल्या खोलीवर धडक मारली. नवऱ्याने त्याला दारातच उचलला आणि "आई गावाहून आल्यावर दे" म्हणून टेकडीवर नेला. कार्ड पावणेदहाला मिळालं, त्यावर इडलीची चटणी सांडली होती. मला मिळालेली मातृदिनाची सगळ्यात चांगली भेट ती. चटणी नव्हे, पावणेदहा.

दिवाळीला सगळे आमच्याकडे जमणार आहात, तेव्हा आत्ताच सांगून ठेवते. पहिल्या अंघोळीला मी पहाटे उठेन, उटणं लावेन, कारण मला ते आवडतं. फराळाला नऊपर्यंत या. पण त्या आठवड्यातला रविवार माझा आहे, तो दिवाळीतही रद्द नाही. त्या दिवशी साडेनऊच्या आत बेल वाजवू नये. काही निरोप असेल तर नवऱ्याच्या मोबाइलवर फोन करा, तो सहापासून जागा असतो. शनिवारी माझ्या.